पट्टा भरलेला दिसावा म्हणून

ती रविवारची दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. पुष्कळ गुन्हे विसरले, काही मुद्दाम विसरले. हा मात्र विसरता आला नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही; त्या माणसांनी आधीच खूप सोसलंय.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेच्या एका ठाण्यात तपास अधिकारी होते. मानपाड्याकडच्या औद्योगिक वसाहतीतून फोन आला. एका बंद कारखान्यात गोळीबार झाला होता आणि एक सुरक्षा रक्षक गेला होता. गोळी दुसऱ्या रक्षकाच्याच परवान्याच्या बाराबोअर बंदुकीतून सुटली होती. दुसरा रक्षक म्हणजे पंचावन्नच्या आसपासचा, साताऱ्याकडचा माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मेलेला त्याच्याच गावचा, वयानं धाकटा, एकाच खोलीत राहणारा. अण्णानंच त्याला इथे कामाला लावलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पळून जायला फाटक उघडंच होतं, पण तो जागचा हलला नव्हता.

त्याचं म्हणणं असं: तांब्याची तार चोरायला तिघं भिंतीवर चढले. त्यांना घाबरवायला त्यानं वर नळी करून चाप ओढला. नुसतं टक्क झालं, बार निघाला नाही. फुसकं काडतूस बाहेर काढायला त्यानं बंदूक खाली घेतली, तेवढ्यात सोबती चोरांना धरायला त्याच्या पुढून धावला. आणि तेव्हा बंदूक उडाली.

आमचा एक हवालदार हसला. "अण्णा, बंदूक काय एसटी आहे का, उशिरा सुटायला?"

मीही हसले, हे आज कबूल करते.

त्यात संध्याकाळी फाटकासमोरच्या चहावाल्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, माझं नाव नका घेऊ हां. काल दोघं कचाकचा भांडले. अण्णांनी त्याच्या छातीवर कायतरी पुडकं फेकून मारलं. एरवी सख्ख्या भावासारखे, म्हणून सांगते."

झालं. भांडण मिळालं, बंदूक मिळाली, प्रेत मिळालं. चोरांना पाहणारं कुणी नाही. खुनाचा गुन्हा नोंदवला आणि अण्णाला कोठडीत घेतलं.

चौकशीत माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. अण्णा एक सोडून सगळ्याची देत होता.

"भांडण कशावरून झालं, काका?"

"ते नका विचारू, बाई."

"खुनाच्या कलमाखाली जन्मठेप होईल. कळतंय ना?"

"होऊ दे."

तीन दिवस हेच. मी आवाज चढवला, त्याला खोटारडा म्हटलं. तो खाली बघून बसायचा.

तिसऱ्या दिवशी मुद्देमालाची नोंद करायला त्याचा काडतुसांचा पट्टा टेबलावर रिकामा केला. नऊ काडतुसं निघाली. चार एकसारखी. बाकीची पाच वेगवेगळ्या रंगांची, पिचकलेली, आणि तोंडाशी पांढरट ओघळ. मी दरवर्षी लोणच्याच्या बरण्यांची तोंडं मेणानं बंद करणारी बाई. तो ओघळ मेणबत्तीचा आहे हे मला हात लावताच कळलं. ठाणे शहरातल्या मुख्यालयात आमचे शस्त्रं दुरुस्त करणारे जुने हवालदार होते, त्यांच्याकडे काडतुसं नेली.

"मॅडम, ही उडवलेली टोपणं, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, परत भरलीयत," ते म्हणाले. "आत दारू दमट, गोळे झालेली. असली काडतुसं उडत नाहीत, नाहीतर नळी फाडतात, नाहीतर उशिरा पेटतात. तुमचा माणूस खरं बोलत असेल."

परत येऊन कारखान्याच्या भिंतीपलीकडचा नाला तपासायला लावला. करवतीचं पातं आणि तारेचा तुकडा सापडला. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

"काका, ही काडतुसं कुणी आणली?" त्यावरही तेच, 'ते नका विचारू, बाई.'

सांगितलं ते मेलेल्याच्या बायकोनं. अंत्यविधी उरकून ती गावाहून थेट ठाण्यात आली, दोन मुलींना बाकावर बसवून आत आली. "बाई, ती काडतुसं आमच्या ह्यांनीच आणली. शनिवारी फोनवर सांगितलं मला. अण्णा रागावलेत म्हणाले. अण्णा माझ्या पोरींसाठी गप हायेत. बाप आपल्याच करणीनं गेला, असं लोकांनी पोरींना म्हणू नये म्हणून."

मी अण्णाला समोर आणलं. तिनं एवढंच म्हटलं, "अण्णा, मी सांगून टाकलं." मग तो लहान मुलासारखा रडला, आणि बोलला.

सोमवारी रक्षक पुरवणाऱ्या कंपनीची तपासणी होती. तपासणीला येणारा साहेब फक्त पट्टा बघायचा. दहा खाचा भरलेल्या हव्यात. अण्णाकडे चांगली चारच होती. रीतसर घ्यायची तर परवान्यावर नोंद करून ठाणे शहरातल्या दुकानात जायचं, आणि रजा कुणी देईना. म्हणून सोबत्यानं शीळफाट्याजवळच्या एका शेडमधून सहा आणली. अण्णानं ती त्याच्या छातीवर फेकली. आणि सकाळी, तपासणीच्या भीतीनं, उचलून पट्ट्यात भरली.

शेडवर छापा घातला, रिकाम्या टोपणांची पोतीच निघाली. काडतुसं भरणारा मला समजावत होता, "मॅडम, ही उडवतंय कोण? शोभेला घालतात."

अण्णावरचं खुनाचं कलम निघालं, निष्काळजीपणाचं राहिलं. मेलेल्याच्या कागदावर मी लिहिलं, 'चोरांना पकडण्यासाठी धावताना मृत्यू.' तेही खरंच होतं. त्या वाक्याची प्रत मी मुलींच्या आईच्या हातात दिली.

या प्रकरणानं मला शिकवलं, की आम्ही पोलीसही काडतुसं मोजायचो, बघायचो नाही. पुढे जिथे बदली झाली तिथे परवाना तपासताना प्रत्येक काडतूस मी हातात घेतलं. परवानाधारकांना आजही सांगते: जुनं, ओलं, परत भरलेलं काडतूस जवळ ठेवू नका. आणि बार निघाला नाही तर बंदूक उघडू नका, खाली घेऊ नका. नळी मोकळ्या बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबा.

जामिनावर सुटल्यावर अण्णा हजेरीला यायचा. एकदा त्याला चहा दिला, झाल्या गोष्टीची माफी मागितली. त्याचं मन हलकं व्हावं म्हणून हा अर्ध्या मिनिटाचा नियमही सांगितला. म्हटलं, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, काका, तुमचा काय दोष?

त्यानं कप खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत मोजलं.

"एवढंच, बाई?" तो म्हणाला.