खिडकीखालचा बंब

जळत्या पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, वास आला की मला सेवाग्रामजवळचं ते भाड्याचं घर आठवतं. आम्ही नर्सिंगच्या मुली खाली राहायचो, घरमालक वर. गच्चीवर सोलर होतं, पण गरम पाणी फक्त त्यांच्याच न्हाणीत जायचं. आमच्या तिन्ही शॉवरकडे येणारा व्हॉल्व्ह त्यांनी बंद करून ठेवला होता. ऐन थंडीत मी विनवायला गेले, तर म्हणाले, “जवान पोरीयले गरम पाणी काऊन पाह्यजे?” मग जवळच्या आंजी गावातल्या माझ्या मैत्रिणीनं घरून तांब्याचा बंब आणला आणि आम्ही तो नेमका त्यांच्या खिडकीखाली पेटवला. ओलसर पऱ्हाटी धुमसली, वर खोकला सुरू झाला. “काय करून राह्यल्या तुम्ही?” ते ओरडले. मैत्रीण म्हणाली, “पाणी तापवून राह्यलो, काका. व्हॉल्व्ह खोला, मंग विझवतो.” त्यांनी खिडकी लावून घेतली. आम्ही रोज सकाळी बंब पेटवत राहिलो. शेवटी मालकीणबाईच गच्चीवर चढल्या, व्हॉल्व्ह फिरवला आणि वरूनच म्हणाल्या, “आंग धुऊन घ्या वं पोरीहो!” आता भाड्याचं घर बघायला गेले की मी आधी न्हाणीत शिरते, शॉवर सोडते आणि हाताला चटका बसेपर्यंत मालकाला जागचं हलू देत नाही.