शंकामास्तर

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेले मास्तर कुणाच्याही सांगण्यावर मान डोलवत नसत. बाजारातून येऊन कुणी म्हणालं, की आज वांगी फार आलीत, तर ते विचारत, "कशावरून? गेल्या बाजारची मोजली होती का?" शाळेचं घड्याळ अगदी बरोबर आहे असं हेडमास्तरांनी सांगितलं, तर हे मैदानात काठी रोवून भर दुपारी तिची सावली बघत बसले आणि घड्याळ मागे आहे असं सिद्ध करूनच उठले. महिनाभरात मंगरूळात त्यांचं खरं नाव मागे पडलं. लहानथोर सगळे त्यांना शंकामास्तर म्हणू लागले.

ते नागपूरला एम.एस्सी. होऊन आलेले. एवढा शिकलेला माणूस आमच्या गावी कशाला येईल, हा पहिला संशय. दुसरा संशय त्यांच्या कागदांचा. शाळा सुटली की ते खोलीचं दार लावून लिहीत बसत, आणि त्या लिहिण्यात अक्षरं कमी नि चिन्हं जास्त. कलकत्त्याहून जाड पाकिटं येत. ते लढाईचे दिवस होते. एकदा फौजदार स्वतः खोलीवर आला, आणि शेजारी राहणारा म्हणून मलाही त्याने आत बोलावलं.

"मास्तर, हे काय लिहून राह्यले? कोनाले धाडता?"

"अणूतून प्रकाश बाहेर पडतो, तो कुठल्या नियमाने, याचं गणित आहे."

फौजदाराने कागद उलटा-सुलटा केला. "आन् हे खरं हाये याचा पुरावा?"

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "साहेब, हाच प्रश्न मला सात वर्षं छळतो आहे! बसा ना." फौजदार बसला नाही. त्याचा संशय दुप्पट झाला असावा, कारण पुढे महिनाभर एक शिपाई आमच्या आळीत बिनकामाचा फिरत होता.

माझा संशय मात्र वेगळाच होता. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे, आणि रविवारी ओसरीवर होमिओपॅथीची पेटी उघडून बसत असे. पेटी टपालाने मागवलेली, सोबत जाडजूड पुस्तक. आसेगावहून, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून माणसं येत. त्यांच्या तोंडून "बरं वाटते, गुरुजी" ऐकलं की माझा आठवडा सुखाचा जाई. हे मास्तर आले की ओसरीच्या कोपऱ्यात बसून नुसते बघत राहत. हा माणूस मला खोटं पाडायला टपलाय, असं माझ्या मनाने घेतलं.

एका रविवारी ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पुस्तकात औषध इतकं पातळ करायला सांगितलंय, की गोळीत त्याचा एक कणही उरत असेल असं माझ्या गणितात बसत नाही. पण गणित चुकत असेल. बघायला पाहिजे."

"बघायचं काय त्यात? माणसं बरी होतात."

"कशावरून?"

"ती स्वतः सांगतात!"

"तुम्ही विचारता म्हणून सांगतात," ते शांतपणे म्हणाले.

इरेला पेटून मी त्यांची परीक्षा पत्करली. सर्दी-पडसं आणि अंगदुखी एवढ्यापुरतीच ती होती. बाकी दुखण्यांना त्यांनीच हात लावू दिला नाही. दोन सारख्या बाटल्या. एकीत औषधाच्या गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या. कुठली कुठे, हे मला कळू न देता चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी हेडमास्तरांच्या कपाटात. येणाऱ्या प्रत्येकाला आधी हे सांगायचं, असा मास्तरांचा हट्ट होता. लोक हसत. "साखर तं साखर, गुरुजी. तुमच्या हातची द्या म्हंजे झालं."

आता कबूल करायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात मी दोन्ही बाटल्या नाकाला लावून पाहिल्या. एकीला औषधातल्या स्पिरिटचा बारीक वास होता. मी कुणाला बोललो नाही. वास घेणं म्हणजे काही चोरी नव्हे, अशी मनाची समजूत घातली. महिन्याने चिठ्ठी उघडली, तेव्हा औषधाच्या बाटलीचे लोक जास्त बरे निघाले. मी वहीवर बोट ठेवून म्हणालो, "आता?"

मास्तर बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, "गुरुजी, या बाटलीवाल्यांना तुम्ही 'बरं आहे ना?' असं विचारता, आणि त्या बाटलीवाल्यांना 'कसं काय आहे?' असं. मी चार रविवार ऐकतोय."

मी वही मिटून टाकली. ते पुढे म्हणाले, "तुमच्यावर माझा संशय नाही. तुमच्या मायेवर आहे."

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी बाटल्या स्वतः हुंगून साखरेच्या गोळ्यांवरही स्पिरिट शिंपडलं, आणि लोकांना विचारायचं काम शाळेच्या शिपायाकडे दिलं. या वेळी दोन्ही बाटल्यांत काही फरक निघाला नाही. शिपाई मास्तरांना फितूर आहे असं मी चारचौघांत बोललो, आणि मास्तरांशी बोलणं टाकलं.

त्याच दिवसांत आसेगावची गयाबाई माझ्याकडे येत होती. भाजीच्या वाफ्यांत राबणारी, पन्नाशीची, बोलायला गोड. तिचे डोळे दुखत, आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत. मी पुस्तक बघून गोळ्या देत होतो. दर रविवारी विचारलं की ती म्हणे, "बरं हाये गुरुजी. पयल्यापेक्षा लय बरं." मी वहीत तसं लिही.

मास्तरांनी माझ्या अबोल्याची पर्वा केली नाही. ते तिला अंगणात उभं करत, लांब जाऊन बोटं दाखवत, आणि तिला बोटं बरोबर सांगता येईपर्यंत एकेक पाऊल जवळ येत. किती पावलांवर जमलं, ते स्वतःच्या चिठोऱ्यावर टिपून घेत. असे पाच-सहा रविवार गेले. मग एकदा ते चिठोरं माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुमच्या वहीत ही बाई सुधारतेय. माझ्या कागदावर वीस पावलांची बारा झालीत. हिला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या."

"मला हरवायला आता तुम्हाला ही गरीब बाई सापडली का?" मी ओरडलो.

ते चिठोरं तिथेच ठेवून निघून गेले. पण पुढच्या रविवारची वाट त्यांनी बघितली नाही. बुधवारी तेच सांगायला पुन्हा आले, गुरुवारी पुन्हा आले. शुक्रवारी चिडून मी एकटाच आसेगावला गेलो. हा माणूस खोटारडा आहे हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गयाबाईला बांधावर उभं केलं आणि वीस पावलांवरून बोटं दाखवली. ती हसून म्हणाली, "तीन." मी दोन दाखवली होती. पंधरा पावलांवरही ती चुकली. दहा पावलांवर तिने बोटं ओळखली, तीही मान तिरपी करून, उजव्या डोळ्याने. डावा डोळा मी हाताने झाकला काय नि उघडा ठेवला काय, तिला काही फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आम्ही तिघं अकोल्याला निघालो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला होता. उजव्याचं ऑपरेशन झालं आणि तो वाचला. "आणखी दोन महिन्यांनी आला असतात तर हाही गेला असता," डॉक्टर म्हणाले. आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही.

परत आल्यावर मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. म्हणालो, "झालं तुमचं समाधान?" खरं तर त्यांनी मला रागवावं, असं मला वाटत होतं.

त्यांनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मधल्या एका पानावर एक ओळ तांबड्या शाईने खोडलेली होती. "या ओळीनंतरचं सगळं चूक आहे. सात वर्षांत ही ओळ मी शंभरदा वाचली असेन. तिच्यातून मला हवं ते उत्तर निघत होतं, म्हणून तिच्यावर कधी संशय घेतला नाही." कलकत्त्याच्या प्राध्यापकांनी तो निबंध छापायला घेतला होता. चूक आणखी कुणाच्या लक्षातही आली नव्हती. मास्तरांनी माझ्यासमोर पत्र लिहिलं, निबंध मागे घेतला, आणि आम्ही दोघं चालत जाऊन ते टपालपेटीत टाकून आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आज जेवण जाईलसं वाटत नाही, गुरुजी." मी त्यांना घरी नेलं. माझ्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि ते मुकाट्याने जेवले. आमच्या ओळखीत त्या एकाच जेवणात त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे त्यांची नागपूरला बदली झाली. मी पेटी ठेवली, पण बसण्याची रीत बदलली. ताप मोजायचा, पावलं मोजायची, आणि दुखणं हलत नसेल तर मोटारीत बसवून दवाखान्यात न्यायचं. त्यांचं पत्र येई, त्यात नेहमी चार शंका असत. नवं गणित मांडतोय, असं एकदा लिहिलं होतं. मग पत्रं थांबली, आणि एके दिवशी त्यांच्या भावाचं कार्ड आलं. विषमज्वराने ते गेले होते. वय चाळिशीच्या आतलं.

गयाबाईला सांगायला मी आसेगावला गेलो. ती वाफ्यात मेथी खुडत होती. ऐकून तिथेच बसली, पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "गुरुजी, आता ते नाईत, म्हनून सांगून राह्यली. मले पयल्यापासूनच दिसत नोतं बराबर. तुमी इतकं मायेनं इचारत होते, तुमाले वाईट वाटन म्हनून 'बरं हाये' म्हनत होती मी."

मी बांधावर टेकलो.

"अकोल्याच्या मोटारीत मी हे मास्तरांले सांगतलं होतं. तुमी समोर डायवरपाशी होते. तं ते मले म्हनले, बाई, मी आहे तोवर हे गुरुजींना नोका सांगू. त्यांनी आधीच लय सोसलंय."

मी तिच्या बांधावर उन्हात बसून राहिलो. फौजदारापुढे नाही, छापखान्यापुढे नाही, स्वतःपुढेही त्या माणसाने कधी काही लपवलं नव्हतं. आयुष्यात एकच खरी गोष्ट त्यांनी दाबून ठेवली, आणि तीही माझ्यासाठी. गयाबाईने मेथीची एक जुडी बांधून माझ्या हातात दिली. ती घेऊन मी उठलो, तेव्हा मला पुढची वाट नीट दिसत नव्हती.