मॉरिशसचा चिखलाचा डोंगर

माझा थोरला भाऊ मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यात कामाला गेला, त्या वर्षी मी कल्याणच्या शाळेत नुकता मास्तर झालो होतो. भूगोल माझा हातखंडा विषय. खाडीचा चिखल आणून मी शाळेच्या अंगणात ते अख्खं बेट उभं केलं: मधे डोंगर, चहूकडे उतरणाऱ्या नद्या, पायथ्याला वस्त्या. वादळात नद्या कशा फुगतात ते दाखवायला डोंगरावर तांब्याभर पाणी ओतायचो. पोरं ओरडायची आणि मी फुशारून जायचो.

मग त्या बेटावर खरंच वादळ झालं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. घरी येऊन मी त्यांच्यावर व्याख्यान दिलं: वारा कुठून आला असेल, पाणी कुठे घुसलं असेल, पायथ्याची वस्ती कशी उरणारच नाही. भाऊ पायथ्यालाच राहत होता, हे बोलून झाल्यावर ध्यानात आलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

कित्येक महिने पत्र नाही. घरचे कर्ते माझे काका. ते म्हणाले, "मास्तरच म्हणतोय, कोण उरलं नसेल. पितृपक्षात दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. पोराला गती तरी मिळू दे."

पुतळा जळाला की वहिनीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, तेही माझ्या शब्दावर. मी नदीकाठाने शहाडपर्यंत जायचो, परत यायचो, पुन्हा निघायचो.

वहिनीने एकदाच विचारलं, "भावजी, तुम्ही तो डोंगर बघितलाय?"

"नाही."

"मग काकांना तसं सांगा की."

सांगितलं. काका भडकले. "मास्तर कसला, नुसता तोंडाळ!" पण पुतळा सर्वपित्रीपर्यंत थांबला.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पत्र आलं, भावाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. वहिनी रडत हसत होती. काका देवापुढे साखर ठेवून आले. घरात वाचता येणारा मी एकटा. माझी नजर आधी तारखेवर गेली. पत्र वादळाच्या आधीचं होतं, कुठेकुठे भटकून आलेलं.

मी तारखेवर अंगठा ठेवला आणि "सर्व खुशाल" इथून वाचायला सुरुवात केली.

दुसरं पत्र कधीच आलं नाही. वहिनी विचारायची, मी म्हणायचो, बोटी रखडतात. चिखलाचं बेट मी पुन्हा केलं नाही.

कितीतरी वर्षांनी वहिनी गेली ती सवाष्ण, हिरव्या लुगड्यात. मळवट भरताना माझी बायको म्हणाली, "भाग्याची हो." मला तिथे उभं राहवेना.

तिला मीच अग्नी दिला. भावाचा अग्नी मात्र माझ्या अंगठ्याखाली राहिला, तो राहिलाच.