झुंबराचं कुंकू

शेजारच्या सुनंदावहिनींनी हॉल अगदी राजेशाही सजवलाय. हिरव्या मखमलीचा सोफा, सोनेरी चौकटीचा भलामोठा आरसा आणि छताला काचेच्या लोलकांचं झुंबर. मला असला थाट मनापासून आवडतो. साधेपणाचं कौतुक ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

वहिनींनी दिवा लावला. लखलखाटात एका लोलकावर लाल ठिपका दिसला.

"वर चढवण्याआधी हळदकुंकू लावलं," वहिनी म्हणाल्या. "इंटिरियरवाले पुसायला निघाले होते. म्हटलं, हात लावू नका."

नवी वस्तू घरात आली की आपण तिला कुंकू लावतोच, मग ती सायकल असो की शिवणयंत्र. झुंबराने काय घोडं मारलंय?

मी मान वर करून बघतच राहिले. दुकानात नुसतं लखलखणारं ते झुंबर इथे नांदायला आलं होतं.