सौरचुलीचा आरसा

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी समोरच्या प्लॉटवर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला. त्या दिवसापासून आमच्या खिडकीत ऊन आलं नाही. बाबांनी हातातली प्रुफं टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, "दिसत नाही."

डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीला पूर्वेची खिडकी. तिच्या पुढे आलेल्या ग्रिलमध्ये आईची सौरचूल असे: पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच आणि उघड्या झाकणाला आरसा. सकाळचं ऊन आरशावरून पेटीत पडायचं आणि अकरा-साडेअकराला वरण-भात व्हायचा. शेजारणी हसायच्या. "तुमच्याकडे सूर्य स्वयंपाक करतो, मग तुम्ही काय करता हो?" आई म्हणायची, "मी त्याच्यावर लक्ष ठेवते."

त्याच खिडकीशी बाबांचं टेबल. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ठाण्यातल्या एका छापखान्याची प्रुफं तपासत. मी ठाण्याला एम.ए. करत होते, त्यामुळे गठ्ठे आणणं-नेणं माझ्याकडे. ट्यूबलाइट लावलेली त्यांना चालत नसे. "दिव्याखाली सगळीच अक्षरं शुद्ध दिसतात," असं त्यांचं म्हणणं. ओळीखाली लाकडी पट्टी धरून ते वाचत आणि पट्टी एकेक ओळ खाली सरकवत.

स्लॅब भरल्यावर आठवड्याने बाबा समोरच्या जागेच्या मालकाला भेटायला गेले. तो मूळचा इथलाच. त्याच्या वडिलांची त्या जागेवर भातशेती होती. मीही सोबत होते. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, ऊन काय मी खिशान घातलाय?"

"तुम्ही नाही, तुमच्या इमारतीने घातलंय," बाबा म्हणाले.

तो मोठ्याने हसला. बाबाही हसले. उठताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. "अंधार आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. दुपारचे बारा वाजले होते आणि दार सताड उघडं होतं. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालू लागले.

उपाय आईला सुचला. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला होती आणि तिथे दहानंतर ऊन येई. तिने चुलीच्या झाकणाचा आरसा स्क्रू काढून सोडवला आणि त्या खिडकीत ओट्यावर उभा केला. त्याचा उजेड मधल्या दारातून थेट बाबांच्या टेबलावर पडला. चौकोनी, पांढरा, कडा अगदी रेखीव. बाबा खूश झाले. सूर्य सरकला की चौकोनही सरके. मग बाबा हाक मारत, "आरसा!" आणि आई किंवा मी तो जरासा फिरवत असू. पेटी माळ्यावर गेली. वरण-भात गॅसवर होऊ लागला.

पुढच्या गठ्ठ्यापासून मला भीती वाटू लागली. छापखान्यात देण्याआधी मी सहज एक पान चाळलं, तर तिसऱ्याच ओळीत चूक राहिलेली. बाबांच्या हातून अशी चूक राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मी आणखी पानं पाहिली. चुका बऱ्याच राहिल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या ओळींच्या सुरुवातीला होत्या. पानाच्या उजव्या अर्ध्यात एकही नाही. उजेड कमी असता तर चुका पानभर राहिल्या असत्या. हे मला तेव्हाच, ठाणे स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या कळलं होतं.

मी पिशवीतून लाल पेन काढलं आणि बाबांच्या अक्षराच्या वळणाने त्या चुका दुरुस्त केल्या.

त्यानंतर प्रत्येक गठ्ठ्याला तेच करू लागले. छापखान्यातून तक्रार आली नाही. बाबा म्हणत, "पाहिलंस? आरशाने काम भागलं." घरी मात्र माझं लक्ष त्यांच्या डाव्या बाजूला असे. डाव्या हाताशी ठेवलेला चहा निवून जायचा. आई डावीकडून आली की ते दचकायचे. आईला यातलं काय दिसत होतं, कोण जाणे. ती कप उचलून उजवीकडे ठेवी आणि समोरच्या इमारतीला नावं ठेवी. मीही ठेवायचे. इमारतीला नावं ठेवत होतो तोवर दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

असे चार महिने गेले. चैत्रात एका सकाळी मी ओट्याशी उभी होते. आई बाबांच्या शेजारी भाजी निवडत होती.

"आरसा!"

मी पाहिलं. चौकोन पानाच्या बरोबर मध्यावर होता.

"अगं, आरसा! झोपलीस का?"

"अहो, पानावरच आहे की उजेड," आई म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. पंजावर ऊन पडलं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. "गरम लागतंय," ते म्हणाले. उजेड हळूहळू टेबलावरून उतरून जमिनीवर गेला, तरी मी आरसा फिरवला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावीकडून सुरू झालेला, आता दोन्ही डोळ्यांत. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखू," ते म्हणाले. मग विचारलं, "आधी काहीच लक्षात आलं नाही? चार-पाच महिने आधी आला असतात तर बरीच राखता आली असती."

"समोर इमारत झाली ना," आई म्हणाली.

रिक्षात बाबा म्हणाले, "छापखान्यात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. पुढे आठ वर्षं मी त्यांना रोज वाचून दाखवलं, पण त्या चुका मी दुरुस्त करत होते, हे सांगितलं नाही. माझ्या वाचण्यातली एखादी चूक ते लगेच पकडत आणि प्रत्येक वेळी मला वाटे, की आता विचारतील.

त्यांनी विचारलं नाही. यंदा श्रावणात ते गेले.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, असं डॉक्टरांनी बाबांना तपासलं त्याच दिवशी सांगितलं होतं. दरवर्षी मी डोळे तपासून घेते, तरी मनाचं समाधान होत नाही. आरसा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. ऊन येऊ लागलं की टेबलावर चौकोन पडतो. मी एक डोळा झाकून त्याचे कोपरे मोजते, मग दुसरा झाकून. आज दोन्ही डोळ्यांना चारही कोपरे दिसले.