बदलापूरचा ओटीपी

मला बदलापूरला पाठवलं ते नेट दुरुस्त करायला नाही, ओटीपी आणायला.

"सावंत मॅडम, एकच कंप्लेंट लाल आहे," साळवी साहेब म्हणाले. साळवी म्हणजे आमच्या कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर, माझे बॉस. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. त्यावर बंद झालेल्या कंप्लेंट हिरव्या आणि उघड्या लाल दिसतात. "बदलापूरला कुळगावात एक बाई ओटीपी देत नाहीये. आपली माणसं जाऊन जाऊन थकली. तुम्ही लेडीज आहात, गोड बोलून घेऊन या."

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका लोकल कंपनीत मी नेटवर्क इंजिनिअर आहे. गोड बोलणं माझ्या कामात येत नाही आणि मला ते जमतही नाही. तरी स्कूटर काढली. ओटीपी न देणारी ही बाई कोण, हे मलाही बघायचं होतं.

ओटीपीचा प्रकार असा. नेट नीट चालत नाही म्हणून तुम्ही फोन केलात की तुमच्या नावावर कंप्लेंट उघडते. टेक्निशियन घरी येऊन काहीतरी खटपट करतो. मग तुमच्या मोबाइलवर एक नंबर येतो. तो तुम्ही त्याला सांगितला की कंप्लेंट बंद. म्हणजे काम झालं असं ग्राहकाने स्वतः कबूल केलं. ऐकायला हे फार छान आहे. प्रत्यक्षात टेक्निशियन दारात उभा राहून "ताई, ओटीपी द्या ना, पुढचा कॉल आहे" असं म्हणत राहतो आणि माणसं कंटाळून नंबर देतात. नेट तसंच राहतं, आमचा स्क्रीन हिरवा होतो.

कुळगावच्या त्या बाईंनी, वैशालीताईंनी, तो दिला नव्हता. दिवसा बालवाडी भरते अशा एका खोलीत त्या संध्याकाळी ऐकू न येणाऱ्या मुलांचा क्लास घेतात. त्यातली काही मुलं यंदा दहावीला बसणार होती. मी पोचले तेव्हा मुलं टीव्हीसमोर सतरंजीवर बसली होती.

"काटा दाखवायला आलात?" त्यांनी विचारलं. बसा नाही की पाणी नाही.

काटा म्हणजे स्पीड टेस्ट. मोबाइलवर चालवली की गाडीच्या मीटरसारखा काटा चढतो आणि नेटचा वेग दाखवतो. मी चालवली. काटा सरळ शंभरावर गेला. त्यांनी घेतलेला प्लॅनही शंभराचाच होता.

"हा काटा मला आता पाठ झालाय," त्या म्हणाल्या. "आता धडा बघा. आणि मला बोटं कुठे आहेत ते दाखवा."

त्यांनी टीव्हीवर विज्ञानाचा धडा लावला. कुठल्याशा शहरातल्या एका शिक्षिकेने खुणांच्या भाषेत दहावीचं सगळं विज्ञान शिकवून एका व्हिडिओच्या वेबसाइटवर ठेवलं आहे. वैशालीताईंना खुणांची भाषा येते, विज्ञान येत नाही. म्हणून क्लास त्या धड्यांवर चालायचा. डाउनलोड करायची सोय त्या साइटवर नव्हती. पडद्यावर शिक्षिका दिसत होत्या, त्यांची साडी दिसत होती, पण हातांच्या जागी नुसते दोन गोळे हलत होते.

पुढच्या रांगेतल्या एका उंच मुलीने माझ्याकडे बघून भराभर खुणा केल्या. सगळी मुलं हसली.

"ही रुता," वैशालीताई म्हणाल्या. "ती म्हणते, बाईंनी थंडीचे हातमोजे घातलेत."

मला हसू आलं नाही. तुमच्या-माझ्या घरी व्हिडिओ असा धुरकट झाला तर आपण चार शिव्या घालतो आणि आवाजावर भागवतो. नेटची वाट अरुंद झाली की व्हिडिओ अडकू नये म्हणून चित्राचा दर्जा आपोआप उतरवला जातो, आवाज शाबूत ठेवला जातो. ही सोय ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी आहे. या मुलांच्या बाबतीत बोट दिसलं नाही तर शब्दच गेला.

"रुताला अठरा पूर्ण झाली," वैशालीताई हळू आवाजात म्हणाल्या. खरं तर त्या खोलीत हळू बोलायची काही गरज नव्हती. "शाळेत उशिरा घातली होती. वडील अंबरनाथच्या आनंदनगरला कंपनीत आहेत. ते म्हणतायत, शिकून काही डोक्यात जात नसेल तर तिला माझ्या कंपनीत पॅकिंगला लावतो. तिला दहावी व्हायचंय हो. आणि तुमची माणसं माझ्याकडे ओटीपी मागतायत."

मी लॅपटॉप उघडला. ट्रेसराउट नावाची एक साधी कमांड असते. आपली मागणी कुठल्या कुठल्या स्टॉपवरून जाते ते ती दाखवते. आधी स्पीड टेस्टची वाट तपासली. बदलापूर, मग उल्हासनगर. संपली. स्पीड टेस्टला उत्तर देणारं यंत्र आमच्याच ऑफिसात, उल्हासनगरच्या कॅम्प चारला ठेवलेलं आहे. म्हणजे काटा मोजत होता फक्त बदलापूर ते उल्हासनगर, आमच्या स्वतःच्या केबलवरचा वेग. ती कधीच तुंबत नाही. तो काटा कधी खाली येणारच नव्हता.

मग धड्याची वाट तपासली. बदलापूर, उल्हासनगर, मुंबई, चेन्नई. हे बघून माझं डोकंच फिरलं.

का, ते सांगते. आपल्याकडे पाणी जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं, पण बादली भरायला कुणी जांभूळला जात नाही. बिल्डिंगवर टाकी असते, तिच्यात पाणी साठतं, नळ तिला जोडलेले असतात. व्हिडिओंचंही तसंच आहे. लोक जे व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागतात ते साठवून ठेवायला व्हिडिओवाल्या मोठ्या कंपन्या आमच्यासारख्या लोकल कंपन्यांना एक यंत्र देतात. त्याला कॅश म्हणतात. एकदा मागवलेला धडा त्यात राहतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मिळतो. मात्र कुठल्या घरांना या टाकीतून द्यायचं, त्या पत्त्यांची यादी आमचा राउटर त्या यंत्राला देत असतो. यादीत नसलेल्या घराचा व्हिडिओ लांबून येतो. लांबची लाइन आम्ही बेताचीच घेतलेली आहे आणि संध्याकाळी सगळे घरी आले की ती तुंबते.

आमचं हे यंत्रही कॅम्प चारला, स्पीड टेस्टच्या यंत्राच्या खालच्याच कप्प्यात आहे. मुलांची मागणी त्याच्या शेजारून चेन्नईला जात होती. बदलापूर यादीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साळवींना विचारलं, "बदलापूर कॅशमधून कुणी काढलं?"

"मी," ते म्हणाले. चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "क्रिकेटच्या सीझनला कॅशच्या बॉक्सचा पोर्ट फुल जात होता. कॅम्पातले दुकानदार फोन करून डोकं खात होते. कोणाला तरी काढायला लागणार ना."

"सीझन संपून किती काळ झाला."

"अरे, चाललंय ना. बदलापूरची पब्लिक थकून घरी येते, जेवते, झोपते. कोण एवढं बघतंय?"

"पैसे तेवढेच भरतात ते."

"आणि स्पीडही तेवढाच मिळतो त्यांना. काटा बघितलात ना तुम्ही?"

"साहेब, तो काटा आपल्या ऑफिसपर्यंतच मोजतो. हे तुम्हाला माहीत आहे."

"कस्टमरला माहीत नाही," ते म्हणाले.

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. या माणसाला सगळं माहीत होतं. अडाण्याची चूक असती तर मी समजावून सांगितलं असतं.

यंत्राला दुसरा पोर्ट, म्हणजे केबल जोडायची आणखी एक जागा होती, रिकामी. ती जोडली की सगळे मावले असते. पण त्यासाठी थोडा वेळ यंत्र बंद ठेवायला लागणार होतं, आणि मग 'सेवा अखंड चालू' हा साळवींच्या रिपोर्टातला आकडा केसभर खाली आला असता. म्हणून नाही. "रिपोर्ट खराब नाही करायचा. तुम्ही ओटीपी आणा."

मी शेठकडे गेले. शेठ आमच्या कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण तांत्रिक गोष्ट काढली की त्यांचं लक्ष उडतं. मी टाकी, नळ, यादी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ये सब साळवी देखता है बेटा. उससे बात करो."

मग मी जे केलं ते नियमात बसत नाही. शेठच्या केबिनमधल्या राउटरला मी बदलापूरच्या घरांसाठी ठेवलेल्या नेटच्या पत्त्यांतला एक पत्ता दिला. बाकी कशाला हात लावला नाही. शेठ संध्याकाळी काम आटोपलं की केबिनमधल्या टीव्हीवर नेटवरून मॅचच्या हायलाइट्स बघतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी केबिनमधून हाक आली. साळवी धावले, त्यांच्या मागोमाग मी.

"ये क्या है?" शेठने टीव्हीकडे बोट दाखवलं. फलंदाज ओळखू येत होता. बॅट फिरली, लोक ओरडले, बॉल कुठे गेला ते कळलं नाही.

साळवींनी सवयीने मोबाइल काढला आणि स्पीड टेस्ट चालवली. "शेठ, शंभर आहे. लाइन एकदम ओके आहे."

"साळवी, मैं लाइन नहीं देख रहा हूँ. बॉल किधर है?"

"शेठ, टीव्हीचा प्रॉब्लेम असेल."

"कल तक बराबर था."

मी पुढे झाले. "शेठ, काटा शंभर आहे, म्हणजे कंप्लेंट सॉल्व्ह झाली. मोबाइलवर नंबर येईल तो सांगा. बंद करायची आहे."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "मजाक कर रही है?"

"नाही शेठ. आज दुपारपासून तुमची केबिन बदलापूरला आहे. तिथे सगळ्यांना असंच दिसतं, आणि तक्रार केली की आपला माणूस जाऊन हेच सांगतो."

साळवी लाल झाले. माझ्या नोकरीबद्दल ते बरंच काही बोलले. शेठही भडकले होते, आधी माझ्यावर. "पहले मुझे नहीं बोल सकती थी?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, साळवी से बात करो."

शेठने रिमोट उचलला. टीव्ही बंद केला आणि साळवींना म्हणाले, "कल सुबह वो दुसरा पोर्ट लगा दो. और बदलापूर वापस डालो."

ते काम सकाळचा चहा निवायच्या आत झालं. एवढ्याशा कामासाठी अख्खं बदलापूर धुक्यात बसवून ठेवलं होतं. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी ड्रॉवरमध्ये टाकली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा कुळगावला गेले. धडा लागला. बोटं दिसली, नखंसुद्धा दिसली. मुलं एकमेकांना कोपराने ढोसत होती. पुढच्या रांगेतली रुताची जागा रिकामी होती.

"सोमवारपासून पॅकिंगला जाते," वैशालीताई म्हणाल्या.

आम्ही दोघी बुवापाड्यात रुताच्या घरी गेलो. तिचे वडील, मोरे, नुकतेच शिफ्टवरून आले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले. मी सांगितलं, मी नेट कंपनीतून आले आहे, लाइन आता सुधारली आहे, रुताला परत पाठवा.

"सुधारली म्हणजे?" त्यांनी विचारलं. "आधी बिघडली होती काय?"

"हो."

"मॅडम, मी एकदा हिला आणायला क्लासला गेलेलो. तुमचा माणूस तिथंच होता. ह्या बाई सांगत होत्या, दिसत नाही म्हणून. त्यानं मला मोबाइल दाखवला. काका, शंभरला शंभर आहे, नेटमध्ये काही प्रॉब्लेम नाही." ते दाराशी उभ्या असलेल्या रुताकडे बघत होते. "नेटमध्ये नाही, तर मग पोरीतच असणार ना. मी तिला घरी येऊन लई बोललो. ढ आहेस म्हणालो. लिहून दाखवलं तिला, कळावं म्हणून."

प्रॉब्लेम आमच्यात होता, तुमच्या मुलीत नव्हता, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. वैशालीताईंनी ते खुणांनी रुताला सांगितलं. तिने मला सरळ विचारलं, आणि ताईंनी तिचं बोलणं मला सांगितलं: "मग तुमच्या माणसाने तेव्हा का नाही सांगितलं?"

मोरे यांनी तिला संध्याकाळचा क्लास परत सुरू करू दिला. पॅकिंगची नोकरी मात्र सुटली नाही. लागलेली नोकरी कोण सोडू देतं. ती शिफ्ट करून थेट कुळगावला येते, कधी कधी धडा चालू असताना बसल्या जागी झोपते. परीक्षेपर्यंत किती भरून निघेल ते कुणाला माहीत नाही.

तुम्हाला एकच सांगते. नेटवाल्याने काटा दाखवला तर त्याला विचारा, हा कुठून कुठपर्यंत मोजतोस. आणि तुमचा व्हिडिओ नीट दिसेपर्यंत ओटीपी देऊ नका. आमच्याकडे तुमच्या हातात तेवढंच आहे.

वैशालीताईंनी अजून दिलेला नाही. चित्र स्वच्छ आहे हे त्या मान्य करतात, पण नंबर रुताच्या निकालाच्या दिवशी देईन म्हणतात. साळवींच्या मागच्या स्क्रीनवर सगळं हिरवं आहे आणि मधोमध ती एक ओळ लाल. परवा त्यांनी वैतागून विचारलं, "पोर्ट लागला, बदलापूर टाकलं, सगळं झालं. ही अजून उघडी का?"

"कारण दुरुस्ती बाकी आहे," मी म्हटलं आणि माझ्या कामाला लागले.