विगवालीचं कार्टं

तिचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, आणि पाटी मुद्दामच लहान. विग घ्यायला येणारी माणसं मोठ्या पाटीखालून आत शिरत नाहीत, हे तिला धंद्याच्या सुरुवातीलाच कळलं होतं. आसपासचे लोक तिला विगवाली म्हणत, तिलाही त्याचं काही वाटत नसे. आलेल्या बाईला ती खुर्चीत बसवायची, दार लावायची आणि मग जी बोलत सुटायची! बोलता बोलता माप घेऊन व्हायचं, आणि आपण डोक्यावरचा रुमाल कधी सोडला हे त्या बाईलाही कळायचं नाही.

दुकानाची वेबसाइट होती, पण नुसती फोटो आणि फोन नंबरपुरती. सून कॉम्प्युटरवर काम करणारी. ती एकदा म्हणाली, "आई, वेबसाइटवर कार्ट टाकू या. लोक विग निवडतील, कार्टमध्ये टाकतील, पैसे भरतील. आपण फक्त पाठवायचं."

"आणि माप?"

"लहान, मध्यम, मोठं."

"डोकं म्हणजे काय चप्पल आहे?" विगवाली म्हणाली. "एक कार्टं वाढवताना दमले. तू त्याच्याशी लग्न केलंस म्हणून सुटले. आता हे दुसरं कशाला माझ्या गळ्यात?"

सून हसली, पण मागे हटली नाही. तिने प्रत्येक विगाचे पुढून, मागून, बाजूने फोटो काढले, माप कसं घ्यायचं त्याचं चित्र टाकलं, आणि कार्ट सुरू झालं. घरात मात्र त्याचं नाव कार्टंच पडलं.

तेव्हापासून विगवालीला चैन पडेना. ऑर्डरी येऊ लागल्या. नाव, पत्ता, रंग, माप, बास. बाई कोण, केस कशाने गेले, घरी कोण आहे, काही नाही. जाळीवर केस गुंफता गुंफता ती सुई ठेवून मोबाइल बघायची. कुणी कार्टात विग टाकून पैसे न भरताच गेलं की सुनेला विचारायची, "ही कुठे गेली?"

"गेली, आई. विचार बदलला असेल."

"अशी कशी गेली? जिन्यावरून गेली असती तर हाक तरी मारली असती."

शेवटी न राहवून तिने एका गिऱ्हाइकाला फोन लावला. विग नीट बसतोय ना, म्हणून विचारलं. पलीकडच्या बाईने आधी कोण बोलतंय ते विचारलं. मग म्हणाली, "चांगला आहे. पण राग मानू नका, कुणाशी बोलावं लागू नये म्हणूनच मी असा मागवला."

"बरं, बरं," म्हणून विगवालीने फोन ठेवला. ते वाक्य दिवसभर तिच्या मनात सलत राहिलं. इतकी वर्षं आपण बायकांना धीर देत होतो, की त्या बिचाऱ्या नाइलाजाने ऐकून घेत होत्या? तिला ठरवता येईना. त्यानंतर तिने कुणाला फोन केला नाही.

मग एक ऑर्डर आली भाऊजींच्या नावाने, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या. भाऊजींचं टक्कल सगळ्या नात्यात प्रसिद्ध.

"या वयात केसांची हौस आली वाटतं," विगवाली म्हणाली आणि दोघी सासूसुना पोट धरधरून हसल्या. हसतच सुनेने ऑर्डर उघडली. बायकांचा विग, खांद्यापर्यंत, मध्यम माप. सूचनेच्या चौकटीत लिहिलं होतं, 'कानाजवळ थोडे पांढरे असले तर बरं.'

हसू जागच्या जागी थांबलं.

ताईचे केस असे, की लहानपणी वेणी घालताना विगवालीच्या मुठीत मावायचे नाहीत. गेल्याच आठवड्यात ताई फोनवर भरभरून बोलली होती. गुडघे, गळणारी टाकी, शेजारणीचा कुत्रा, सगळं सांगितलं. हे तेवढं नाही.

"फोन लावू?" सुनेने विचारलं.

"नको." आणि लगेच, "लाव." सुनेने मोबाइल उचलला तशी, "नको म्हणते ना!"

ती येरझाऱ्या घालू लागली. ताईला विग दुसरीकडेही मिळाला असता. तिला बहिणीच्या हातचा हवा होता आणि बहीण मात्र नको होती. विगवालीला याचा संताप येत होता, आणि ही संतापायची वेळ नाही, हेही कळत होतं.

अडचण आणखी निराळी होती. मध्यम मापाचा विग कपाटात तयार होता. तो पाठवला की ताईचं गुपित झाकलेलं राहणार. पण ताईचं डोकं कानांच्या वर अरुंद. तिला तो ढिला होणार, वाऱ्यावर सरकणार. शिवाय तिचा भांग डावीकडे आणि कपाळाशी भोवरा. त्या डोक्यासाठी विग केला, तर खोक्यातून काढताक्षणी ताईला कळणार की धाकटीला कळलंय.

तिने तयार विग खोक्यात भरला, पत्ता चिकटवला. मग खोकं फोडलं.

"चारचौघांत तिचा विग सरकेल," ती सुनेला म्हणाली. "माझ्यावर रागावली तरी चालेल."

तिने नवीन जाळी घेतली. कपाळाकडची ओळ मनासारखी येईना, ती उसवून पुन्हा गुंफली. पाठवताना चिठ्ठी लिहायला बसली, आणि दोन ओळी झाल्यावर फाडून टाकली.

विग पोचल्याचं मोबाइलवर दिसलं. ताईचा फोन नाही. विगवालीचं कामात लक्ष लागेना. काळा मागणाऱ्या बाईला तिने तपकिरी पाठवला, ते सुनेने निस्तरलं. अखेर ताईचा फोन आला. आधी टाकीची दुरुस्ती झाली, ते सांगून झालं.

"भांग डावीकडे आहे," मग ताई म्हणाली.

"हो."

"मी मध्यम मागवला होता."

"तुला ढिला झाला असता."

"तुला का नाही सांगितलं, विचार की."

"नाही विचारत."

"तू रडतेस. मग तुझी समजूत मला काढावी लागते. सध्या माझ्यात तेवढा जीव नाही गं."

रडू ऐकू जाऊ नये म्हणून विगवालीने फोनवर हात धरला.

"मागे थोडं टोचतंय," ताई म्हणाली. "सुई घेऊन ये."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. भाऊजींनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. ताई खिडकीशी बसली होती, विग मांडीवर. उघडं डोकं किती लहान दिसत होतं. विगवालीच्या तोंडाशी नेहमीची सगळी वाक्यं आली. ती गिळून तिने विग उचलला आणि मागचा टोचणारा टाका शोधला. तिचा पाय मात्र एकसारखा हलत होता.

"किती हलतेस," ताई म्हणाली. "बस की नीट."

"बसलेय," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

ताईचे उपचार पुढे बरेच महिने चालले. केस पुन्हा आले, पण विरळ आणि मऊ. ताई बाहेर जाताना अजून विगच घालते. आठवड्याचा फोन चालू आहे. ताई कुत्र्याचं, गुडघ्यांचं सांगते आणि विगवाली तिच्या आवाजावरून बाकीचं ओळखायला बघते. कधी ओळखता येतं, कधी नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती थोडा वेळ खोलीभर फिरत राहते.